कनेरगाव नाक्याची एक्सेल शीट

शनिवारची सकाळ. दुसरा चहा हातात आहे आणि बायको म्हणते आहे की लॅपटॉप उघडलाच आहेस तर आधी विजेचं बिल भर. भरलं. आता गेले काही महिने डोक्यात फिरणारी एक गोष्ट लिहून टाकतो. गोष्ट घरची आहे, पण तुमच्यापैकी ज्यांना गावाकडून "तू शिकलेला आहेस, जरा हिशोब करून सांग" असे फोन येतात, त्यांना ती ओळखीची वाटेल.

माझी ताई कनेरगाव नाक्याला दिली आहे. हिंगोलीहून वाशिमला जाताना मध्ये लागतं ते. निजामाचं राज्य तिथे संपायचं आणि वऱ्हाड सुरू व्हायचं, म्हणून नाका. निजाम गेला, नाका गावाच्या नावात राहिला. पैनगंगा ओलांडली की विदर्भ. त्यामुळे तिथल्या माणसांचं बोलणं निम्मं मराठवाडी आणि निम्मं वऱ्हाडी, आणि खरेदीला हिंगोलीला जायचं की वाशिमला हा रोजचा प्रश्न. अकोला-पूर्णा लाईनवर स्टेशनही आहे. मीटरगेजच्या काळात मी त्या गाडीने ताईकडे दिवाळीचा फराळ घेऊन गेलेलो आहे.

२०२५ च्या महालक्ष्म्यांना गेलो होतो. जेवणं झाली, पंगती उठल्या, आणि दाजींनी कपाटातून प्लास्टिकची एक फाईल काढली. भाचेबुवांनी आदल्या वर्षी बारावी करून लातूरला एक वर्ष नीट रिपीट केली होती. मार्क वाढले, पण सरकारी एमबीबीएसला पुरतील इतके नाही. (गंमत बघा, २०२४ साली हिंगोली आणि वाशिम, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, प्रत्येकी १०० जागांची. घराच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि पोराला दोन्हीकडे जागा नाही.) खासगी बीएएमएसला मात्र नंबर लागण्यासारखा होता. एका कॉलेजची फी वर्षाला तीन लाख. दाजी म्हणाले, "लोन काढायचं ठरलंच आहे. तुम्ही फक्त बँकेचं कागदपत्र बघून द्या. डॉक्टर झाला की दोन वर्षात फेडतो."

हे "दोन वर्षात फेडतो" मी याआधीही ऐकलेलं आहे. बहुधा मीच बोललो असेन. २००२ साली मी स्वतः शैक्षणिक कर्ज घेऊन इंजिनिअरिंगला गेलो. मॉडेल योजना नुकतीच, म्हणजे २००१ मध्ये आली होती आणि बँकेच्या साहेबांनाच ती नीट माहीत नव्हती. दोन लाखांचं कर्ज, व्याज साठून हप्ते सुरू होताना अडीच लाख झालेलं. २००६ साली पुण्यात पहिला पगार १८,००० आणि हप्ता ४,३०० च्या आसपास. म्हणजे पगाराचा पाव भाग. जड गेला नाही. त्यानंतर मी अनेकांना छातीठोकपणे सांगत आलो की शिक्षणासाठी कर्ज घ्यायला घाबरू नका. माझा सगळा आत्मविश्वास एका सँपलवर उभा होता, आणि ते सँपल मी स्वतः! सॉफ्टवेअरमध्ये कोणी एका टेस्ट केसवर रिलीज केलं तर आम्ही त्याला फाडून खातो. असो.

तर लॅपटॉप उघडला. ओसरीवर, महालक्ष्म्यांच्या समोर.

फी तीन लाख, त्यातली निम्मी राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीतून माफ होणार होती, कारण दाजींचा उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या आत आहे. (नाक्यावर त्यांचं कृषी केंद्र आहे, पाच एकर शेत आहे.) साडेचार वर्षांची निम्मी फी म्हणजे पावणेसात लाख. खोली आणि मेस वर्षाला नव्वद हजार, साडेचार वर्षांचे चार लाख पाच हजार. पुढचं इंटर्नशिपचं एक वर्ष स्टायपेंडवर निघेल असं धरलं. एकूण दहा लाख ऐंशी हजार. दाजींकडे हळदीचे आणि दुकानातले मिळून तीन लाख तीस हजार. राहिले बरोबर साडेसात लाख. साडेसातच्या वर तारण लागतं, आणि शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू नसल्याने बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. त्यामुळे गावाकडे साडेसात ही खरी मर्यादा. त्याच्या पुढे गेलात की मग जमीन विका नाहीतर सावकार गाठा.

आता इथे आपल्यासारखे शिकलेले लोक एक चूक करतात. साडेसात लाखाचा हप्ता थेट कॅलक्युलेटरवर काढतात. १० वर्षं, साडेनऊ टक्के, उत्तर ९,७००. छान. पण बीएएमएस साडेपाच वर्षांचं. हप्ता सुरू होतो त्यानंतर एक वर्षाने, म्हणजे पहिली रक्कम उचलल्यापासून साडेसहा वर्षांनी. तोपर्यंत व्याज चालूच असतं, सरळ व्याज असलं तरी. वर्षाला दीड लाख असे पाच वेळा उचलले, तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी व्याज साठलेलं असतं तीन लाख वीस हजार. कर्ज झालं दहा लाख सत्तर हजार. हप्ता १३,८५०. दहा वर्षांत बँकेला जाणार सोळा लाख बासष्ट हजार.

दाजी गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टरला चौदा हजार काय जड?"

रास्त प्रश्न आहे. ताज्या बीएएमएसला महिन्याला काय मिळतं? मी तिथूनच ओळखीच्या तिघांना फोन लावले. तिघेही छोट्या शहरांतल्या खासगी हॉस्पिटलांत रात्रपाळीचे आरएमओ. आकडे आले अठरा, बावीस आणि पंचवीस हजार. शेवटचा म्हणाला, "सर, राहायला खोली फुकट आहे ते धरा."

दुसरा रस्ता सरकारी. आयुष्मान भारतमध्ये २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला लागले, ज्यांना गावात सीएचओ म्हणतात. पद कंत्राटी. महाराष्ट्रातल्या जाहिरातींत मानधन महिना २५,००० आणि कामगिरीवर जास्तीत जास्त १५,००० असं दिलेलं असायचं. आता जरा हिशोब बघा. २५,००० मधून १३,८५० गेले तर उरले ११,१५०. पूर्ण पंधरा मिळाले तरी पगाराचा तिसरा हिस्सा बँकेचा.

मला "टक्के" सांगून दाजींना काही होत नाही हे माहीत आहे, म्हणून शीटमध्ये एक कॉलम वाढवला: सोयाबीन. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८. वर्षाचे हप्ते एक लाख सहासष्ट हजार. म्हणजे सव्वाएकतीस क्विंटल. एकरी सात क्विंटल धरले तर साडेचार एकर. पाच एकरांतलं साडेचार एकर सलग दहा वर्षं बँकेसाठी पेरायचं, तेही हमीभाव मिळाला तर, आणि खत-बियाणं-काढणी वेगळी. हा कॉलम बघून दाजी उठून पाणी प्यायला गेले.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरचं उत्पन्न काय पहिल्या वर्षावर मोजायचं का? बरोबर आहे. नाक्यावर दवाखाना टाकला, पाच-सात वर्षांत बस्तान बसलं, तर तो माझ्यापेक्षा सुखात राहील. खेड्यापाड्यांतले बरेचसे "डॉक्टर साहेब" बीएएमएसच आहेत आणि त्यांचे बंगलेही आपण पाहिलेत. पण दवाखान्याला गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, औषधं लागतात, आणि बस्तान बसायची वर्षं नेमकी हप्त्याचीच वर्षं आहेत. पंचविसाव्या वर्षी तो नवं कर्ज कुठून काढणार? तो मग रात्रपाळी धरतो आणि दवाखाना पुढे ढकलतो. कर्जामुळे पदवी वाया जात नाही. पदवीचा जो भाग खरा पैसा देतो, तिथपर्यंत पोचायला उशीर होतो, एवढंच.

आणि ते ८०-ई! माझ्या ऑफिसातला प्रत्येक जण पहिलं वाक्य बोलतो, "अरे, व्याजावर टॅक्समध्ये सूट आहे ना." आहे, आठ वर्षं, जुन्या करप्रणालीत. पण पंचवीस हजार कमावणाऱ्याला मुळात टॅक्सच नाही, तर सूट कशातून घेणार? ती सूट तुमच्या-माझ्यासाठी आहे. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी आली आहे, आठ लाखांच्या आतल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत देते, पण ती ठरावीक दर्जेदार संस्थांच्या यादीपुरती. आमचं कॉलेज त्या यादीत नव्हतं.

एवढं होईपर्यंत भाची पाट उचलत होती, समया पुसत होती. तीही त्याच वर्षी बारावी झाली. मी सहज विचारलं, तुझं काय? तर ताई म्हणाली, "तिचं काय, हिंगोलीला बी.एस्सी. करंल साधी. दोघांचं एकदम कसं करावं बाबा."

भाची म्हणाली, "मामा, मी नर्सिंगची सीईटी दिली आहे." मैत्रिणींबरोबर फॉर्म भरला होता. मार्क बरे होते. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्यापुढे आलेल्या फाईलमध्ये तिचा एकही कागद नव्हता.

तर मंडळी, शीटमध्ये दुसरी ओळ घातली. आणि इथे मला राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची आठवण झाली. आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही, अट एकच महत्त्वाची, प्रवेश कॅपच्या फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. (दाजींना एका एजंटचा फोन आलाच होता, "फेरीची वाट कशाला बघता, डायरेक्ट देतो सीट." अशा फोनला काय उत्तर द्यायचं ते आता कळलं असेल.) आपल्या घरात ही माफी लागू होती. ही बातमी दाजींनी वाचलेली होती. "मुलींना फुकट केलं म्हणे" एवढी. ती आपल्या घरातल्या मुलीबद्दल आहे हे मात्र जोडलं गेलं नव्हतं.

मग भाचीचा खर्च उरला खोली आणि मेस. वर्षाला नव्वद हजार, चार वर्षं, तीन लाख साठ हजार. सगळं कर्जाने केलं, घरातून एक रुपया घातला नाही, तरी पाच वर्षांनी व्याजासकट चार लाख ऐंशी हजार. दहा वर्षांचा हप्ता ६,२००. आणि पाच वर्षांतच फेडायचं म्हटलं तर दहा हजार पंच्याहत्तर. अठराव्या वर्षी सुरुवात, बाविसाव्या वर्षी पदवी, अठ्ठाविसाव्या वर्षी कर्जातून मोकळी. भाऊ मोकळा होणार साडेपस्तिसाव्या वर्षी.

पगार? खासगी हॉस्पिटलात नव्या नर्सचा आकडा त्या आरएमओंच्याच आसपास. सरकारी अधिपरिचारिकेची जागा मिळाली तर सातव्या वेतन आयोगात मूळ वेतन ३५,४०० पासून. जागा थोड्या आणि अर्ज हजारो, म्हणून ते मी शीटमध्ये धरलं नाही. जर्मनीही धरली नाही. (महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केल्यापासून नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही जर्मनी पोचली आहे.) मी धरलं ते उपकेंद्र. आणि गंमत तिथेच आहे. त्या सीएचओच्या खुर्चीसाठी बीएएमएस जसा चालतो तशी बी.एस्सी. नर्सिंगही चालते. सहा महिन्यांचा एकच कोर्स, एकच मानधन. दोघांच्या पदवीवर शिक्काही एकाच विद्यापीठाचा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. म्हणजे एकाच खुर्चीवर, त्याच पंचवीस हजारांवर, भाऊ महिन्याला १३,८५० देणार दहा वर्षं आणि बहीण ६,२०० देणार दहा वर्षं. शिवाय ती खुर्चीवर दीड वर्ष कमी शिकून बसणार.

मी दोन ओळी शेजारी ठेवून स्क्रीन फिरवली. वाटलं होतं, सगळे खूश होतील की चला, एका लेकराचं तरी स्वस्तात झालं. झालं उलटंच. दाजींचा चेहरा उतरला. "मग पोराला काय कंपाउंडर करायचं का?" म्हणाले. मी म्हटलं, दाजी, मी पोराबद्दल काहीच बोललो नाही. मी फक्त पोरीची ओळ घातली. ते म्हणाले, "तेच म्हणतो मी." आणि दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडले.

भांडी आवरताना ताई बोलली. तिच्याच शब्दात लिहितो, जमेल तेवढं. "तुला आठवतंय का रे, हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी माझी बारावी झाली. जीएनएमला नंबर लागू लागला होता माझा. बापूंनी कागद बघितलाबी नाही. म्हणले, परक्या गावी पोरीला कशाला, आन् पैसा कुठून आणावा." मला आठवत होतं. मी नववीत होतो. तीन वर्षांनी, २००२ मध्ये, त्याच बापूंनी माझ्या कर्जावर सही केली, आणि ताईचं लग्न २००१ मध्येच उरकलं होतं म्हणून खर्चाची बाजू मोकळी होती. हे "मोकळी होती" मी अनेक वर्षं सहज वापरत आलो आहे. जीएनएमला तेव्हा किती खर्च आला असता ते मला ठाऊक नाही. घरात कोणी विचारलंच नव्हतं.

ताईच्या बोलण्यात राग नव्हता. तिने पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "बरं, तिचा फॉर्म कधीपत्तर भरायचाय?"

संध्याकाळी भाच्याला घेऊन स्टेशनकडे फिरायला गेलो. पोरगं चांगलं आहे. मी विचारलं, तुला खरंच आयुर्वेद करायचंय का? म्हणाला, "करायचंय मामा. मला आवडतं बी. पण नाही केलं तरी पप्पांनी अख्ख्या नाक्यावर सांगितलंय." मग थोड्या वेळाने, "लातूरच्या वर्षाचे पैसे तुम्ही शीटमध्ये घेतलेच नाहीत." मी म्हटलं, ते गेले, ते आता कुठल्याच ओळीत येत नाहीत. त्याला ते पटलं नाही. मला कॉलेजात संक कॉस्ट शिकवली होती, पण घराने सगळं गोळा करून लावलेल्या त्या वर्षावर "ते विसर" असं पोराला सांगणं मलाही नीट जमलं नाही.

रात्री आम्ही दोघांनी पसंतीक्रमाची यादी उलटी लावली. फी नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी कॉलेजची फी वेगळी ठरवतं, आणि फरक चांगलाच असतो. वडिलांच्या यादीत वरती होती ती जवळची आणि "नाव असलेली". आम्ही फीप्रमाणे लावली. वर्षाला दोन लाखवालं एक कॉलेज बरंच लांब, पण सरकारी यादीतलं आणि स्वतःचं चालतं रुग्णालय असलेलं. (रुग्णालयात पेशंट खरोखर असतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना फोन करून विचारलं. हे जरूर करा. वेबसाईटवर सगळीकडेच पेशंट असतात :) ) तिथे कर्ज साडेसातवरून सव्वापाच लाखांवर आलं. हप्ता ९,७००. आणि शिकतानाच दर महिन्याला व्याज भरत गेलं तर ६,८००, म्हणजे पंचवीस हजारांतला पाव भाग आणि वर थोडं. माझ्या २००६ च्या जवळपास. ते व्याज पहिल्या वर्षी महिना आठशे तीस आहे आणि पाचव्या वर्षी चार हजार दीडशे होईल. ते मी भरतो असं ताईला सांगितलं. ती नको म्हणाली. मी ऑटो-डेबिट लावून टाकलं. दाजींना अजून सांगितलेलं नाही, हा ब्लॉग ते वाचत नाहीत.

त्या कॉलेजात भाच्याचा नंबर लागला. माझं मत विचाराल तर सव्वापाच लाखही मला जास्तच वाटतात. सीएचओची पदं कंत्राटी आहेत आणि दहा वर्षांचा हप्ता कंत्राटी नसतो. पण निर्णय त्यांचा, आणि पोराला ते काम आवडतं हीही एक गोष्ट आहेच, तिला माझ्याकडे कॉलम नाही.

भाचीला दुसऱ्या फेरीत नर्सिंग मिळालं. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने "शासनाकडून पैसे येईपर्यंत पूर्ण फी भरा" असं तोंडी सांगून पाहिलं. ताई शासन निर्णयाची प्रिंट घेऊन गेली होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि बसून राहिली. अडीच तासांनी प्रवेश झाला. दाजी सोबत होते, त्यांनीच मला फोन करून हे सांगितलं, आणि सांगताना आवाज जरा वरच्या पट्टीत होता.

शीट मी दोघा भावंडांबरोबर शेअर करून ठेवली आहे. परवा दिवाळीनंतर भाचीचा मेसेज आला. "मामा, मेस तुम्ही १२ महिन्यांची धरली. सुट्ट्यांत आम्ही घरी असतो, मेसवाले १० महिन्यांचेच घेतात." तिने स्वतःच सेल बदलला होता. पाच वर्षांचा तिचा हप्ता दहा हजार पंच्याहत्तरवरून नऊ हजार सत्तरवर आला. खाली तिने कॉमेंट टाकली होती: दादाच्या ओळीतबी बदला.